घरी छापील वर्तमानपत्र चालू ठेवावे की मोबाइलवर भागवावे? पुण्यातील वाचकासाठी तुलनात्मक आढावा

पुण्यातील अनेक घरांत वर्तमानपत्र बंद होते ते त्याच्याविषयी काही तक्रार असते म्हणून नव्हे, तर घर बदलते म्हणून. सदाशिव पेठेतून किंवा कसब्यातून एखादे कुटुंब वाकड, बाणेर किंवा वाघोलीच्या नव्या संकुलात राहायला जाते, तिथे पेपर कोण टाकतो हे ठाऊक नसते, पहिले काही आठवडे सामान लावण्यात जातात आणि तोवर सकाळी मोबाइलवर बातम्या पाहण्याची सवय लागलेली असते. पुढे घरात कुणीतरी "पेपर लावायचा का?" असे विचारते आणि उत्तर पुढच्या महिन्यावर ढकलले जाते. या प्रश्नाचा निकाल असा आपोआप लागू नये, तो समजून-उमजून लावला जावा, या हेतूने हा आढावा लिहिला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्यापुढे पर्याय दोन नसून तीन आहेत. पहिला, घरी येणारा छापील अंक. दुसरा, त्याच अंकाची पानेच्या पाने जशीच्या तशी पडद्यावर दाखवणारा ई-पेपर. तिसरा, संकेतस्थळे, अॅप, यूट्यूब वाहिन्या आणि व्हॉट्सअॅपवर येणारे दुवे, म्हणजे सुट्या सुट्या बातम्यांचा अखंड ओघ. "आता आम्ही पेपर ऑनलाइनच वाचतो" असे सांगणारे बहुतेक लोक दुसऱ्या पर्यायाविषयी बोलत असतात, पण प्रत्यक्षात ते तिसऱ्या पर्यायावर गेलेले असतात. माझ्या मते या दोहोंतला फरक छापील अंक आणि ई-पेपर यांच्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि निर्णय घेताना लक्ष त्यावरच ठेवायला हवे.

छापील पेपराची आजची स्थिती

४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला तो या शहरातून आणि १ जानेवारी १९३२ रोजी ना. भि. परुळेकरांनी 'सकाळ' सुरू केला तोही इथेच. शहरातील रोजच्या जगण्याशी संबंधित बातमीला परुळेकरांनी मानाचे स्थान दिले आणि मराठी दैनिकाचे रूप त्यातून बरेचसे बदलले. पुढे मुंबई, नागपूर, कोल्हापूर येथील दैनिकांनीही पुण्याच्या स्वतंत्र आवृत्त्या काढल्या, त्यामुळे पुणेकर वाचकाला आजही निवडीला भरपूर वाव आहे.

घसरण मात्र खरी आहे आणि तिची कारणे वाचकाच्या आवडीनिवडीपेक्षा हिशेबात अधिक सापडतात. अंकाच्या छपाईला आणि वितरणाला जो खर्च येतो तो अंकाच्या किमतीतून कधीच भरून निघत नव्हता, मधली तफावत जाहिराती भरून काढत. नोकरी, घरभाडे, जुन्या गाड्या आणि वधू-वर यांच्या छोट्या जाहिराती गेल्या पंचवीस वर्षांत एकेक करून संकेतस्थळांकडे गेल्या आणि मोठ्या जाहिरातदारांचा पैसाही गुगल आणि फेसबुककडे वळला. कागदाचा मोठा भाग आयात होत असल्याने त्याच्या दरावर आपला ताबा नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्री कागदावर १० टक्के आयात शुल्क लागले, ते पुढच्या वर्षी ५ टक्क्यांवर आणले गेले, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे कागद पुन्हा महागला. त्याआधी करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, राज्य सरकारने घरपोच वितरणाला मनाई केली आणि ती शिथिल करतानाही मुंबई महानगर आणि पुणे शहर वगळले. त्या काळात ज्या घरांचा पेपर थांबला त्यांपैकी कित्येकांचा तो पुन्हा सुरू झालाच नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टाइम्स समूहाने 'पुणे मिरर'चा छापील दैनिक अंक बंद करत असल्याचे जाहीर केले. परदेशातही हेच चालू आहे. १७०३ साली सुरू झालेल्या व्हिएन्नातील 'वीनर त्साइटुंग'ने ३० जून २०२३ रोजी आपला छापील दैनिक अंक थांबवला.

विक्रेत्याच्या बाजूचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. त्याचे उत्पन्न अंकामागे मिळणाऱ्या कमिशनवर चालते. एका इमारतीत बहुतेक दारांत पेपर पडत असे तेव्हा पहाटेची 'लाईन' परवडत होती. आज त्याच इमारतीत मोजकीच घरे उरली असली तरी जिने तेवढेच चढावे लागतात आणि पेट्रोलही तेवढेच जळते. पेपर टाकायला मुले मिळत नाहीत ही तक्रार त्यातूनच येते. काही सोसायट्यांमध्ये अंक दारापर्यंत न येता फाटकावरील सुरक्षारक्षकाकडे पडून राहतो, त्याचे मूळही इथेच आहे.

वेग कुणाचा, पाठपुरावा कुणाचा

वेगाच्या बाबतीत छापील अंकाची बाजू मांडण्यात अर्थ नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुसळधार पाऊस आणि खडकवासला धरणातून मुठेत सोडलेला विसर्ग यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरले, तेव्हा त्या सकाळचे अंक छापून झालेले होते. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला किती क्युसेक पाणी सोडले हे त्या घटकेला कळायला हवे, उद्या सकाळी नव्हे. पाऊस, वाहतूक, परीक्षेचे निकाल, शाळांची अचानक जाहीर झालेली सुट्टी या साऱ्यांसाठी मोबाइल हेच योग्य साधन आहे.

तरी त्याच घटनेचा दुसरा भागही पाहावा. विसर्ग वाढवण्याआधी रहिवाशांना इशारा मिळाला होता का, पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कशी मिळाली, नदीपात्रातील भरावाला जबाबदार कोण, हे प्रश्न पुढचे कित्येक दिवस लावून धरावे लागतात. असा पाठपुरावा बहुतांशी दैनिकांचे नियमित वार्ताहर करतात, कारण महापालिका, जलसंपदा विभाग आणि पोलीस आयुक्तालय या ठिकाणी रोज जाणारी माणसे त्यांच्याकडे आहेत. ही बातमी नंतर संकेतस्थळावर दिसते आणि मोबाइलवर फुकट वाचायलाही मिळते, परंतु ती मिळवण्याचा खर्च बऱ्याच अंशी छापील अंकाच्या उत्पन्नातून होत आलेला आहे.

वेगाची किंमतही मोजावी लागते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन आरोपीचा म्हणून एक रॅप व्हिडिओ सर्वत्र पसरला, तो त्याचा नव्हता. लोकांच्या संतापाने भरलेल्या त्या दिवसांत ज्यांनी तो पाहिला त्यांतल्या किती जणांपर्यंत खुलासा पोहोचला असेल? छापील अंकाला रात्रीची मुदत असते आणि तेवढ्या अवधीत उपसंपादकाला एक फोन करून खातरजमा करता येते. प्रत्येक वेळी ती होतेच असे नाही, पण तिच्यासाठी कामाच्या रचनेतच जागा आहे.

जबाबदार कोण

कोणत्याही छापील दैनिकाच्या पानावर खाली बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे आणि छपाईचे ठिकाण दिलेले असते. १८६७ च्या कायद्याने घालून दिलेली ही शिस्त आहे. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आहे. चूक झाली तर कुणाला पत्र लिहायचे आणि कुणाला नोटीस पाठवायची हे वाचकाला ठाऊक असते, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेकडेही दाद मागता येते. परिषदेला शिक्षेचा अधिकार नाही, ती समज देऊ शकते किंवा ताशेरे ओढू शकते, ही तिची मर्यादा मान्य करायला हवी.

डिजिटल माध्यमांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार प्रकाशकाने तक्रार निवारण अधिकारी नेमून १५ दिवसांत तक्रारीचा निर्णय द्यायचा असतो. प्रस्थापित दैनिकांच्या संकेतस्थळांना हे लागू आहे आणि त्यांचा पत्ताही सापडतो. अडचण येते ती कुणीतरी पुढे पाठवलेल्या, नाव-गाव नसलेल्या मजकुराबाबत. शिवाय पडद्यावरील बातमी दिवसभरात कितीदाही बदलता येते. सकाळी वाचलेले वाक्य संध्याकाळी तिथे नसते आणि ते का काढले याची नोंद क्वचितच असते. छापलेल्या अंकातील चूक मात्र कायम राहते, म्हणून तिची दुरुस्ती वेगळी छापावी लागते. ई-पेपर या बाबतीत छापील अंकाच्या बरोबरीने उभा राहतो, कारण त्याचेही पान ठरलेले असते.

जाहीर नोटिशींचे पान

या मुद्द्यावर जरा थांबायला हवे, कारण पेपर बंद करताना बहुतेक घरांच्या हे ध्यानात येत नाही, आणि नुकसान होते तेव्हा ते लाखांच्या हिशेबात होते.

पुण्यात जमीन, सदनिका किंवा जुना वाडा विकत घेताना खरेदीदाराचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. अमुक मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत, कुणाचा हक्क, वारसा, गहाण किंवा बोजा असल्यास ठरावीक दिवसांत कागदपत्रांनिशी कळवावे, अन्यथा तसा हक्क नाही असे समजले जाईल, असा तिचा आशय असतो. एकत्र कुटुंबातील जमीन एका भावाने परस्पर विकायला काढली, तर इतरांना ती गोष्ट कळण्याचा अनेकदा हा एकमेव मार्ग असतो. नोटीस पाहिली नाही म्हणून कायदेशीर हक्क आपोआप बुडतो असे नाही, पण व्यवहार होण्याआधी हरकत घेणे आणि झाल्यानंतर वर्षानुवर्षे दिवाणी दावा चालवणे यांत फार अंतर आहे.

काही नोटिसा तर कायद्यानेच वर्तमानपत्रात द्याव्या लागतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. बँकेने थकीत कर्जापोटी घराचा ताबा घेतला, तर ती सूचनाही दोन वर्तमानपत्रांत, त्यातील एक स्थानिक भाषेत, छापावी लागते. जे घर घ्यायचा विचार चालू आहे तेच या यादीत दिसले, तर केवढा अनर्थ टळेल याची कल्पना करावी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत घेतली गेली. या समाविष्ट गावांतील ज्यांची शेतजमीन किंवा गुंठेवारीतले घर आहे त्यांच्यासाठी आरक्षणे, रस्ते आणि हरकती-सूचनांची निवेदने हा थेट पोटापाण्याचा विषय आहे.

तिसऱ्या पर्यायात, म्हणजे सुट्या बातम्यांच्या ओघात, हे पान जवळजवळ अस्तित्वातच नाही. कोणतेही अॅप जाहीर नोटिशीचे नोटिफिकेशन पाठवत नाही, कारण तिच्यावर कुणी टिचकी मारत नाही. ई-पेपरमध्ये ते पान असते, फक्त मोबाइलच्या पडद्यावर ती बारीक अक्षरे वाचण्यासाठी पान मोठे करून इकडून तिकडे सरकवत बसावे लागते आणि पाच मिनिटांत माणूस कंटाळतो. छापील पानावरून नजर फिरवली तर आपल्या गावाचे किंवा सर्व्हे नंबराचे नाव चटकन डोळ्यांत भरते. निधनवार्ता, शहरातील व्याख्यानांचे कार्यक्रम, पाणीपुरवठा बंद असल्याची निवेदने यांनाही हेच लागू पडते. शोध घेऊन सापडतील अशा या गोष्टी नाहीत, कारण त्या शोधायच्या आहेत हेच आपल्याला ठाऊक नसते.

वाचन, स्मरण आणि डोळे

कागदावरचे वाचन अधिक लक्षात राहते का, यावर बरेच संशोधन झाले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या एका आढाव्यात कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन काहीसे सरस आढळले. माहितीपर मजकुरात आणि वेळेचे बंधन असताना हा फरक ठळक होता, गोष्टीरूप मजकुरात तसा आढळला नाही. फरक फार मोठा नव्हता हेही सांगायला हवे. तरी अग्रलेख किंवा अर्थसंकल्पाचे विश्लेषण समजून वाचायचे असेल तर कागदाकडे झुकते माप द्यायला हा आधार पुरेसा वाटतो. नवी पेठ, सदाशिव पेठ भागातील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले दोघा-तिघांत एक अंक घेतात, त्यातली कात्रणे काढतात आणि वहीत चिकटवून त्यावर खुणा करतात. मोबाइलवर सगळे मिळत असतानाही ती हे करतात, कारण कात्रण निवडतानाच निम्मा अभ्यास होतो.

दृष्टीच्या बाबतीत मात्र निकाल एकतर्फी नाही. मोतीबिंदू झालेल्या किंवा अक्षर बारीक वाटणाऱ्या ज्येष्ठांना टॅबलेटवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि हा मोठाच दिलासा आहे. दृष्टिहीन वाचकासाठी तर बातम्यांचे संकेतस्थळ हा खराखुरा क्रांतिकारक बदल आहे, कारण युनिकोडमधला मजकूर मोबाइल वाचून दाखवतो. ई-पेपरची पाने बहुधा चित्ररूपात असल्याने तिथे ही सोय सहसा मिळत नाही. ज्या घरी असा वाचक आहे तिथे ई-पेपरपेक्षा संकेतस्थळाची सशुल्क वर्गणी निवडावी, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

खर्च

खर्चाचा मुद्दा जितका पुढे केला जातो तितका मोठा नाही. बहुतेक मराठी दैनिकांचा अंक आजही १० रुपयांच्या आत मिळतो, म्हणजे महिन्याचे बिल ३०० रुपयांच्या खालीच राहते, आणि रद्दीतून त्यातला थोडा भाग परत येतो. रद्दीत खाद्यपदार्थ बांधू नयेत, शाईतील घटक अन्नात उतरतात, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा बजावले आहे, तेव्हा घरातही तळण टिपायला पेपर वापरू नये. ई-पेपर काही दैनिकांचा मोफत आहे, काहींचा सशुल्क. व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर रोज येणारी संपूर्ण अंकाची पीडीएफ हा पर्याय मात्र यादीतूनच काढून टाकावा. ते स्वामित्वहक्काचे उल्लंघन आहे, मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका हिंदी दैनिकाच्या दाव्यात असे टेलिग्राम चॅनल बंद करण्याचा आदेश दिला होता, आणि वाचकाला बातमी हवी असेल तर ती आणणाऱ्या वार्ताहराचा पगार कुठून तरी यायला हवा.

जुने अंक

जुन्या अंकाचा शोध घ्यायचा तर ई-पेपर सोयीचा, पण किती मागचे अंक उपलब्ध ठेवायचे हे प्रकाशक ठरवतो आणि दुवे बदलतात. ज्या नोटिशीचा, बातमीचा किंवा निधनवार्तेचा पुढे दाखला लागू शकतो, तिचे छापील पान तारखेसह जपून ठेवावे.

कुणी काय निवडावे

ज्यांची पुणे शहरात किंवा जिल्ह्यात मिळकत आहे, घरात आजी-आजोबा किंवा शाळकरी मुले आहेत, त्यांनी एक छापील मराठी दैनिक चालू ठेवावे असे माझे ठाम मत आहे. दोन-तीन पेपरांची आता गरज नाही. दुसरे मत हवे असेल तर ते ई-पेपरवर वाचावे. पेपर टेबलावर पडलेला असला की मुले निदान खेळाच्या पानापासून सुरुवात करतात आणि पुढची पाने उलटतात. आई-वडिलांच्या मोबाइलमधली बातमी त्यांना दिसतच नाही.

एकटे राहणारे, हिंजवडी किंवा खराडीत नोकरी करणारे, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असणारे यांनी ई-पेपर घ्यावा, मात्र ठरलेल्या वेळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळावा. शनिवार-रविवारच्या पुरवण्या वाचायला आवडत असतील तर फक्त त्या दोन दिवसांचे अंक टाकायला अनेक विक्रेते तयार असतात, विचारून पाहावे. ज्यांना अंक घरी घ्यायचाच नाही त्यांच्यासाठी पुणे नगर वाचन मंदिर (स्थापना १८४८) आणि पुणे मराठी ग्रंथालय (१९११) यांसारखी जुनी ग्रंथालये आहेत. पेठांमधील चौकाचौकांत मंडळांनी चालवलेली, फळ्यावर पेपर लावलेली सार्वजनिक वाचनालयेही अजून टिकून आहेत. केवळ तिसऱ्या पर्यायावर विसंबून राहण्याचा सल्ला मात्र मी कुणालाही देणार नाही.

ज्यांचा निर्णय होत नाही त्यांनी एक महिना छापील अंक आणि ई-पेपर दोन्ही घ्यावेत आणि शेवटपर्यंत वाचलेल्या बातम्या कशावर वाचल्या एवढेच पाहावे. वार्षिक योजनेतील कुपने आणि भेटवस्तू पाहून दैनिक निवडू नये. आपल्या प्रभागाच्या बातम्या कोण नियमित देतो आणि जाहीर नोटिसा कुणाकडे अधिक येतात ते पाहावे. पेपर सुरू किंवा बंद करायचा असेल तर विक्रेत्याला चार-पाच दिवस आधी सांगावे, कारण तो अंकांची मागणी आगाऊ नोंदवतो आणि न खपलेल्या अंकाचा भुर्दंड पुष्कळदा त्यालाच सोसावा लागतो.